अडचण आणि अडवणूक

  

आजचा विषय मी घरी जाहीर केला तेव्हा सूनबाई हसू लागल्या. म्हणाल्या, "बाबा, लोक तुमच्याकडून काहीतरी विचार ऐकायला येतात, आणि तुम्ही त्यांना कॉम्प्युटर गेम सांगणार?" मी म्हटलं, हो. कारण गेल्या पावसाळ्यात मी सगळ्यात जास्त विचार केला असेल तर तो एका लहान मुलांच्या गेमबद्दल. सिंहाचं एक पिल्लू आणि त्याला इकडून तिकडे फेकणारी माकडं. त्यातून मला दोन शब्दांमधला फरक नव्याने कळला. ते दोन शब्द आहेत अडचण आणि अडवणूक. भाषण संपेपर्यंत ते लक्षात ठेवा.

आधी गेमची ओळख करून देतो. 'द लायन किंग' हा डिस्नेचा ॲनिमेशनपट 1994 च्या जूनमध्ये आला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो मुलांबरोबर पाहिलाय, काहींनी आता नातवंडांबरोबर. त्याच वर्षाच्या शेवटी त्यावरचा व्हिडिओ गेम आला. तो बनवला लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओज या कंपनीने. गेममधला सिम्बा चालतो, लोळतो, झेप घेतो, ती चित्रं डिस्नेच्या ॲनिमेटर मंडळींनी काढलेली. त्यामुळे तो अगदी सिनेमातल्यासारखाच हलतो. त्याआधी 1993 मध्ये 'अल्लादिन'चा गेम असाच डिस्नेच्या चित्रकारांना घेऊन झाला होता. हे दोन्ही गेम टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी कार्ट्रिजवर आले, आणि पीसीसाठीही आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत वेळ घालवला, त्यांना सफरचंदं फेकणारा तो अल्लादिन नक्की आठवत असेल.

2019 मध्ये हे दोन्ही जुने गेम एकत्र करून आजच्या यंत्रांसाठी पुन्हा काढले गेले. आमच्या घरी आला तो हा संच. मुलाने पीसीवर घेतला, त्याच्या लहानपणीच्या आठवणीसाठी. दोन दिवस खेळला आणि मग ऑफिस सुरू झालं. उरलो मी आणि माझी आठ वर्षांची नात. तिची मराठी बंगळुरी आहे, अर्धी इंग्रजी आणि मधूनच कन्नड. माझं इंग्रजी बँकेतलं. तेव्हा आमची दोघांची एकच पक्की भाषा झाली: डावा बाण, उजवा बाण आणि उडी.

आता हा गेम खेळायचा कसा? एकूण दहा लेव्हल. पहिल्या सहांत सिम्बा छावा असतो, पुढच्या चारांत मोठा सिंह. छाव्याकडे शस्त्रं तीनच: उडी मारणं, लोळण घेणं आणि डरकाळी. डरकाळी कसली, मांजराने घसा साफ करावा तसा आवाज! पण तोच गेमचा पहिला धडा. वाटेत साळिंदर येतं. त्याच्यावर उडी मारलीत तर काटे तुम्हालाच लागतात. आधी डरकाळी फोडायची, ते उलटं पडतं, मग उडी मारायची. पहिल्या लेव्हलच्या शेवटी एक तरस येतं. त्याच्याशी सरळ भिडून काही होत नाही. त्याला झेपा घेऊ द्यायच्या, आपण चुकवत राहायचं. ते दमतं, धापा टाकतं, तेव्हा उडी मारायची.

आमच्या नातीला हे तरस चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. जमलं तेव्हा तिने जी उडी मारली, ती सिम्बापेक्षा उंच होती. कोणी तिला "आता थांब, आता मार" असं सांगितलं नव्हतं. तिने तरसाकडे बघून ओळखलं. याला मी म्हणतो अडचण. चांगली अडचण कशी असते? आधी ती हरवते. पण हरवताना काहीतरी दाखवून जाते. पुढच्या खेपेला तुम्ही थोडे शहाणे होऊन येता. आपल्या जुन्या गणिताच्या मास्तरांसारखी. मास्तर वहीवर काट मारायचे, पण काट नेमकी जिथे चुकलं तिथेच असायची.

आणि मग आली दुसरी लेव्हल.

दिसायला सगळ्यात सुंदर. सिनेमातल्या त्या गाण्यासारखी रंगीबेरंगी, जिराफांच्या डोक्यांवरून उड्या मारत जायचं. पण वाटेत माकडं आहेत. एक माकड सिम्बाला उचलतं आणि दुसऱ्याकडे फेकतं, दुसरं तिसऱ्याकडे. त्यातल्या काही माकडांवर डरकाळी फोडली की ती तोंड फिरवतात आणि फेकण्याची दिशा बदलते. कुठलं माकड कधी फिरवायचं याचा क्रम बरोबर असेल तर तुम्ही पुढे जाता. चुकला की फिरून मागे. मग शहामृगावर बसून धावायचं: कुठे उडी, कुठे वाकणं, कुठे उडीवर उडी, आणि विचार करायला पापणी लवण्याएवढाच वेळ.

तीन दिवस आम्ही त्या माकडांत अडकलो होतो. चौथ्या दिवशी नातीने कीबोर्ड बाजूला सरकवला आणि शांतपणे म्हणाली, "आबा, मला येतच नाही. मी यात बॅड आहे."

मंडळी, हे वाक्य ऐकून माझ्या पोटात कालवलं. कारण ती रडली नाही की चिडली नाही. तिने निकाल लावून टाकला होता, आणि तो गेमबद्दल नव्हता. तो तिच्या स्वतःबद्दल होता. आठव्या वर्षी मूल असे निकाल फार पटकन लावतं, आणि ते पुढे पुष्कळ वर्षं टिकतात. चित्रकला, गणित, पोहणं. तुमच्यापैकी कितीजण आजही म्हणतात, "मला लहानपणापासून गणित येत नाही"? तो निकाल कधी लागला होता, आठवून बघा.

मग मी त्या गेमचा इतिहास शोधायला लागलो. आणि मला जे सापडलं ते ऐका.

त्या काळात अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून गेमची कार्ट्रिजही भाड्याने मिळायची. शुक्रवारी संध्याकाळी न्यायचं, सोमवारी परत करायचं. आता हा गेम म्हटलं तर छोटा आहे. सगळे रस्ते पाठ असणारा माणूस तो तासाभरात संपवतो. मग एखादा मुलगा भाड्याने नेऊन शनिवार-रविवारमध्ये संपवणार असेल, तर त्याचे आईवडील तो विकत कशाला घेतील? वेस्टवूडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनी पुढे कित्येक वर्षांनी हाच गेम खेळून दाखवताना ही हकीकत सांगितली. भाड्याने नेणाऱ्याला गेम सहजासहजी पार करता येऊ नये अशी डिस्नेची इच्छा होती. म्हणून दुसऱ्या लेव्हलमधलं माकडांचं प्रकरण मुद्दाम अवघड केलं गेलं.

लक्षात आलं? पहिल्या लेव्हलचं तरस मुलाला काही शिकवायला उभं होतं. दुसऱ्या लेव्हलची माकडं मुलाला थांबवायला उभी होती, म्हणजे बाबांच्या खिशातून पाकीट बाहेर येईल. याला मराठीत सुरेख शब्द आहे: अडवणूक. अडचण रस्त्यात असते. अडवणूक कुणीतरी करतं, आणि करणाऱ्याचा त्यात फायदा असतो. वाटेतला चढ ही अडचण, आणि चढाआधी आडवा टाकलेला बांबू ही अडवणूक.

मी हे नातीला सांगितलं. भाड्याचं दुकान म्हणजे काय, तिथपासून सांगावं लागलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे ते मंकीज मला हरवायला ठेवले होते?" मी म्हटलं, तुला नाही गं, तीस वर्षांपूर्वीच्या एका मुलाला. "तो जिंकला का?" मी म्हटलं, काही जिंकले, पुष्कळ नाही जिंकले. तेव्हा तिने कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. मी "प्रयत्न करत राहा, यश मिळेल" वगैरे काहीही म्हटलं नव्हतं. हरण्यातला तिचा वाटा किती आणि दुसऱ्या कुणाचा किती, एवढा हिशोब तिला मिळाला, आणि तेवढा तिला पुरला.

इथे आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती त्याच सिनेमाची आणि त्याच वर्षाची आहे. 1994 च्या नाताळसाठी डिस्नेने 'लायन किंग'वर एक वेगळी सीडी काढली होती, अगदी लहान मुलांसाठी, चित्रांवर क्लिक करत वाचायचं गोष्टीचं पुस्तक. विंडोजवर चित्रं भराभर हलावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने तेव्हा विनजी नावाची एक सोय नवी नवी दिली होती, आणि ही सीडी त्यावर चालायची. नाताळच्या सकाळी मुलांनी भेटी उघडल्या, सीडी घातली, आणि कित्येक घरांत ती चाललीच नाही. नव्या कॉम्प्युटरांच्या व्हिडिओ ड्रायव्हरशी तिचं जमेना. काही ठिकाणी तर सगळा कॉम्प्युटरच बंद पडला. कंपनीचे मदतीचे फोन दिवसभर खणखणत राहिले. विंडोजवर गेम नीट चालायला पाहिजेत, हे त्यानंतर मायक्रोसॉफ्टला फार गंभीरपणे घ्यावं लागलं. 1995 च्या सप्टेंबरमध्ये डायरेक्टएक्स आलं, आणि त्यामागे या फजितीचा मोठा वाटा होता, असं ते बनवणारेच सांगतात. पुढे त्यांच्या गेमच्या यंत्राला एक्सबॉक्स नाव पडलं, त्यातला 'एक्स' या डायरेक्टएक्समधलाच.

आता त्या नाताळच्या सकाळी एखादं पाच वर्षांचं मूल काळ्या पडद्यासमोर बसलंय अशी कल्पना करा. त्याला ड्रायव्हर ठाऊक नाही, विनजी ठाऊक नाही. त्याला वाटणार, मी काहीतरी चुकीचं दाबलं. आणि बाबाही पहिलं वाक्य हेच बोलणार, "काय दाबलंस तू?" म्हणजे अडचण आणि अडवणुकीच्या जोडीला तिसरा भाऊ आहे, बिघाड. तिन्ही वेळा मुलाला पडद्यावर दिसतं ते एकच, आपण पुढे जात नाही. यातलं कुठलं काय, हे ओळखायला शेजारी एक मोठं माणूस लागतं. आजी-आजोबांनो, तुम्हाला उडी मारता येत नाही म्हणून लाजू नका. तुमचं काम उडी मारणं नाहीच. तुमचं काम हे ओळखणं.

पुन्हा आमच्या माकडांकडे येऊ. 2019 च्या त्या संचात एक सोय आहे, रिवाइंड. सिम्बा पडला की बटण दाबायचं, आणि गेम काही क्षण मागे जातो. पडण्याच्या आधी. तिथून पुन्हा खेळायचं. शिवाय सगळा गेम कुणा सराईताने खेळलेला नुसता बघतही येतो, आणि बघता बघता वाटेल तिथून आपण हातात घेऊन खेळता येतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, हे चीटिंग आहे. आम्ही असं नाही खेळलो." म्हणजे त्याच्या पिढीचा स्वाभिमान तो. मूळ कार्ट्रिजमध्ये गेम जपून ठेवायची सोय नव्हती. जीव संपले की पहिल्यापासून. पण मी त्याला म्हटलं, अरे, बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी मागचं दार ठेवलंच होतं. सुपर निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्ये ऑप्शन्सच्या पानावर बी, ए, आर, आर, वाय ही बटणं ओळीने दाबली की पाहिजे त्या लेव्हलला जाता यायचं. मोठ्यांना मागचं दार, आणि पोरांना मात्र माकडं!

आणि मग मला आपल्याच खेळांतली एक जुनी रीत आठवली. लिंबूटिंबू! आठवतंय? लगोरी असो, डबा ऐसपैस असो, गल्लीतलं सगळ्यात लहान पोर मागे लागायचं, मलाही घ्या. त्याला घ्यायचे, लिंबूटिंबू म्हणून. ते पळायचं, ओरडायचं, सगळं करायचं, पण त्याच्यावर राज्य येत नसे. त्यात कुणाला चीटिंग वाटलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असायचं की हे कायमचं नाही. बघून बघून पोर शिकायचं, आणि एक दिवस स्वतःच म्हणायचं, "आता मी लिंबूटिंबू नाही. माझ्यावर पण राज्य येऊ दे." तो दिवस त्याचा तोच ठरवायचा.

रिवाइंड म्हणजे कॉम्प्युटरने उशिरा शिकलेलं लिंबूटिंबू. नातीने माकडं रिवाइंड वापरून पार केली. मग शहामृग. आणि पुढे चौथ्या लेव्हलला तिने ते बटण स्वतःहून सोडलं. "ही मी तशीच खेळणार," म्हणाली.

चौथी लेव्हल म्हणजे तो चेंगराचेंगरीचा प्रसंग. सिनेमात तो बघताना मोठ्यांच्याही घशाशी येतं. गेममध्ये सिम्बा आपल्या दिशेने धावत येतो आणि मागून वाइल्डबीस्टचा लोंढा. दगड चुकवायचे, खुरं चुकवायची. ती हरली, पुन्हा खेळली, हरली, आणि एका संध्याकाळी जिंकली. आणि जिंकल्यावर समोर काय येतं? पुढच्या लेव्हलचं नावच आहे सिम्बाची हद्दपारी. तिने माझ्याकडे बघितलं. "आबा, मी तर नीट पळाले. तरी मुफासा गेला?"

सिनेमा बघताना हा प्रश्न तिला पडला नव्हता. अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा आपण बघितला काय, न बघितला काय, पुढे सरकतोच. गेममध्ये सिम्बा तिच्या बोटांनी धावत होता. म्हणून तिला वाटलं, मी नीट धावले तर वाचायला हवा होता. मी म्हटलं, "हो, तू नीट पळालीस. तरी तो गेला. सिम्बालाही नेमकं हेच कळत नव्हतं. त्याला वाटलं, माझ्यामुळेच झालं." ती विचार करत म्हणाली, "पण ते तर स्कारने केलं होतं." बघा मंडळी. माकडांच्या वेळी जो हिशोब तिने माझ्याकडून घेतला होता, तो तिने सिम्बासाठी स्वतः मांडला. माझा वाटा किती, दुसऱ्याचा किती. अख्खा सिनेमाच त्यावर उभा आहे, आणि मी तो तीनदा बघूनही मला तो असा दिसला नव्हता.

शेवटच्या लेव्हलला स्कारशी लढाई. त्याला कितीही पंजे मारा, नुसत्या पंज्यांनी काम होत नाही. तो थकला की उचलून कड्यावरून खाली फेकायचा, तेव्हा गेम संपतो. पडद्यावर हे कुणी सांगत नाही. मी म्हटलं, ही नक्की अडवणूक. नात म्हणाली, "नाही आबा, अडचण. मूव्हीत तो खालीच पडतो ना. मूव्ही नीट बघितली तर कळतं." माझा सिद्धान्त मलाच शिकवून गेली.

आता शेवटचा भाग, तो आईवडिलांसाठी. 1994 ची माकडं गेली असं समजू नका. ती आता तुमच्या मोबाइलमध्ये राहायला आली आहेत. गेम फुकट असतो. पहिल्या काही लेव्हल लोण्यासारख्या. मग एकाएकी एक लेव्हल अशी येते की काही केल्या सुटत नाही. जीव संपतात. पाटी येते: अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. तेव्हा निदान एकदाच कार्ट्रिज विकायचं होतं. आता दर पायरीवर बांबू आहे. आणि आठ वर्षांच्या मुलाला त्यातून दोनच गोष्टी समजतात: मला येत नाही, किंवा बाबांचा फोन दे.

तेव्हा घरी तीन गोष्टी करा. फोनवर खरेदीला पासवर्ड लावा, आणि गेम घेण्याआधी त्यात आतून खरेदी आहे का, हे स्टोअरच्या पानावर बघा. ते लिहिलेलं असतं. दुसरं, मूल अडकलं की "सोड तो गेम" म्हणायच्या आधी पाच मिनिटं शेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा: या खेपेला हरताना तुला काही नवीन कळलं का? कळलं असेल तर ती अडचण आहे, खेळू द्या. दहा वेळा हरूनही काहीच कळलं नसेल, आणि दर वेळी पैशाची पाटी येत असेल, तर ती अडवणूक आहे. ती कोण करतंय आणि का, हे मुलाला सरळ सांगा. मुलांना व्यवहार कळतो, आपण समजतो त्याहून लवकर कळतो. तिसरं, लहान आहे तोवर लिंबूटिंबू होऊ द्या. सोपी पातळी, रिवाइंड, तुमची मदत, काहीही. राज्य कधी घ्यायचं ते मूल सांगेल.

आमच्याकडे आता अल्लादिन सुरू आहे. त्यात तरसं नाहीत, पहारेकरी आहेत, आणि नातीचं म्हणणं आहे की मी सफरचंदं फार उधळतो. तुमच्याकडे मुलं कुठल्या माकडांत अडकली आहेत, ते खाली जरूर लिहा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.